रक्तदाबाचा माग रक्तात

आजोबांचा रक्तदाब मोजताना तुम्ही पाहिले असेलच. डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात, कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवून ऐकतात आणि दोन आकडे सांगतात, १५० आणि ९५. मोठ्या माणसांत १२० आणि ८० च्या आसपासचे आकडे चांगले समजले जातात. म्हणजे आजोबांचा रक्तदाब वाढला आहे, हे तर कळले. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. कागदावर लिहून देतात, 'रक्त तपासून आणा.' दाब तर दंडावर मोजून झाला, मग रक्त कशाला? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो अगदी रास्त आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नुसते रक्त तपासून रक्तदाब वाढला आहे की नाही हे सांगणारी परीक्षा अजून कोणालाही साधलेली नाही. त्यासाठी पट्टाच हवा. इटलीतील रीव्हा-रॉत्ची या डॉक्टरांनी १८९६ साली असा पट्टा तयार केला, तेव्हा त्यांनी चक्क सायकलच्या चाकातील ट्यूब वापरली होती! पण पट्टा सांगतो तो दाब किती एवढेच. दाब का वाढला, हे पट्ट्याला ठाऊक नसते.

बागेला पाणी घालताना रबरी नळीचे तोंड अंगठ्याने अर्धवट दाबून पाहा. नळी ताठ होते. आता अंगठा तिथेच ठेवून नळाची चावी आणखी उघडा. नळी अधिकच ताठ होते. नळी नुसती चाचपून पाहणाऱ्याला ही करामत अंगठ्याची की चावीची, हे कसे कळावे? शरीरातही असेच आहे. रक्तवाहिन्या आकसल्या तरी दाब वाढतो, आणि मीठ व पाणी साठून रक्ताचे आकारमान वाढले तरीही वाढतो. आणि हा रोग मोठा मुका. बहुधा ना ताप, ना वेदना, पण वर्षानुवर्षे तो हृदय, मेंदू, डोळे आणि मूत्रपिंडे यांची हानी करीत राहतो. म्हणून अंगठा की चावी, हे शोधणे महत्त्वाचे.

या शोधाची सुरुवात झाली स्टॉकहोममध्ये. रॉबर्ट टिगरश्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बेर्गमान यांनी सशाचे मूत्रपिंड वाटून त्याचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. त्या सशाचा रक्तदाब चढला! मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा अर्क परिणाम करी, आतल्या भागाचा करीत नसे. अर्क उकळला की त्याची शक्ती नाहीशी होई. या अज्ञात पदार्थाला त्यांनी 'रेनिन' हे नाव दिले आणि १८९८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे काय झाले? फारसे काहीच नाही! जवळजवळ पस्तीस वर्षे या कामाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

मग १९३४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर चांदीचा छोटा चिमटा बसवून ती अरुंद केली. कुत्र्याचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. रक्त कमी मिळू लागले की मूत्रपिंड रेनिन सोडते, असा त्याचा अर्थ पुढे लागला. गंमत म्हणजे रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आकसवीत नाही. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. यकृताने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा ते तोडते. फुप्फुसातून रक्त फिरते तेव्हा तो तुकडा आणखी छाटला जातो, आणि मग तयार होते ते खरे शस्त्र, अँजिओटेन्सिन. ब्वेनोस आइरेस आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांनी ते १९४० च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधले आणि दोन वेगळी नावे दिली. 'हायपरटेन्सिन' खरे की 'अँजिओटोनिन' खरे, हा घोळ बरीच वर्षे चालला. अखेर १९५८ साली दोन्ही नावे अर्धी अर्धी जोडून तह झाला!

अँजिओटेन्सिन दोन कामे करते. रक्तवाहिन्या आकसवते, हा झाला अंगठा. शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना ते आल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडायला लावते. आल्डोस्टेरॉन मूत्रातून जाणारे मीठ अडवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. मिठाबरोबर पाणीही राहते. ही झाली चावी.

१९५४ साली मिशिगन विद्यापीठात डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. तिच्या स्नायूंत पेटके येत, पाय मधूनच लुळे पडत. रक्तदाब वाढलेला, आणि रक्तातले पोटॅशियम फारच कमी. कॉन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उष्ण, दमट हवेत माणसाचे शरीर घामातील मीठ कसे वाचवते याचा अभ्यास केला होता. त्यांनी या बाईंचा घाम तपासला. त्यात मीठ अगदी थोडे निघाले! आल्डोस्टेरॉनचा शोध नुकताच, म्हणजे १९५३ साली लागला होता. हाच पदार्थ फाजील तयार होत असावा, असा तर्क कॉन यांनी बांधला. डिसेंबर महिन्यात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एका अधिवृक्क ग्रंथीवर गाठ सापडली. ती काढल्यावर पोटॅशियम सुधारले आणि रक्तदाबही उतरला. जन्मभराचा समजला जाणारा रोग एका गाठीबरोबर गेला.

पण प्रत्येक रुग्णाचे पोट उघडून पाहायचे की काय? इथे रेनिन साक्षीला येते. शाळेची घंटा मुख्याध्यापकांच्या हुकमावरून शिपाई वाजवतो. रेनिन हा मूत्रपिंडाचा हुकूम समजा आणि आल्डोस्टेरॉन ही घंटा. घंटा जोरात आणि हुकूमही जोरात असेल, तर कारण मूत्रपिंडाच्या बाजूला शोधावे. कदाचित तिथली धमनी गोल्डब्लाट यांच्या चिमट्याप्रमाणे अरुंद झाली असेल. पण हुकूम जवळजवळ नाहीच आणि घंटा मात्र वाजतेच आहे, तर शिपाई आपल्याच मनाने वाजवतो आहे! कॉन यांच्या रोगात रेनिन दबलेले असते, हे त्यांच्याच गटाने १९६४ साली दाखवले. जपानी संशोधकांनी १९८१ मध्ये आल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून येणारे गुणोत्तर वापरले. तेच आज या रोगाच्या चाळणी परीक्षेचा पाया आहे.

रेनिन मोजणे मात्र सोपे नाही. रक्तात ते अत्यल्प असते. विरजण किती जोमदार आहे, हे आपण दही किती लवकर लागते त्यावरून ओळखतो ना? तसाच उपाय इथे योजतात. रक्तातील पेशी वेगळ्या काढून उरलेला द्रव ३७ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवतात आणि रेनिनने किती तुकडे तोडले ते मोजतात. रेनिनचा नमुना बर्फात ठेवून चालत नाही, कारण रक्तातले निष्क्रिय रेनिन थंडीने जागे होते आणि आकडा खोटा फुगतो. माणूस उभा राहिला तर रेनिन वाढते, खारट खाल्ले तर उतरते, काही औषधांनी बदलते. म्हणून रक्त केव्हा, कसे बसवून आणि कोणती औषधे चालू असताना घेतले, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता हेही सांगायला हवे की बहुसंख्य रुग्णांत असे एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, मीठ, वजन, वय असे पुष्कळ धागे त्यात गुंतलेले असतात. आजोबांच्या अहवालात बहुधा रेनिन नसेलच. त्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल हे आकडे असतील. क्रिएटिनिन मूत्रपिंड कसे चालले आहे ते सांगते, पोटॅशियम कमी असेल तर डॉक्टरांना कॉन यांची आठवण होते.

परंतु पोटॅशियम कमी असल्याशिवाय हा रोग नसतोच, ही जुनी समजूत चुकीची ठरली आहे. कॉन यांचा रोग असलेल्या पुष्कळ जणांत ते अगदी ठीक असते, आणि म्हणूनच त्यांचा रोग वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. एका ग्रंथीचा दोष असेल तर ती काढता येते. दोन्हींचा असेल तर आल्डोस्टेरॉनला अडवणारी औषधे आहेत. पण आधी शंका तर यायला हवी! २०२५ साली अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने सुचवले की उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची आल्डोस्टेरॉन व रेनिनसाठी एकदा रक्ततपासणी व्हावी. टिगरश्टेट यांच्या सशांना तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.