वैद्याचा शब्द आणि त्याचें प्रमाण

गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक कठीण प्रसंग आला. नातू नऊ महिन्यांचा झाला म्हणून सूनबाई त्याला गोवराची लस टोंचण्यासाठीं नेहमींच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पंचवीस वर्षें आमचें घर सांभाळणारे ते सज्जन म्हणाले, "ताई, लस हा परदेशी कंपन्यांचा कट आहे." सून तशीच परतली. घरांत दोन तट पडले. सौभाग्यवतींचें म्हणणें, "ज्यांनीं माझा न्यूमोनिया बरा केला, ते खोटें कसें बोलतील ?"

ते खोटें बोलत नव्हते. त्यांना तें खरेंच वाटत होतें. खरी अडचण हीच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति अशा चार परीक्षा सांगितल्या आहेत. आप्ताच्या शब्दाला तेथें मान आहे. पण इतर तिघींना रजा दिलेली नाहीं.

इंग्लंडांत १९९८ सालीं अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांनीं 'लॅन्सेट'मध्यें अवघ्या १२ मुलांच्या आधारें गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशीं सुचविला. २०१० सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला व त्यांचें नांव वैद्यांच्या नोंदवहींतून काढलें गेलें. परंतु मधल्या काळांत अनेक आईबापांनीं लस टाळली, आणि २०१३ सालीं वेल्समधील स्वॉन्सी परिसरांत गोवराची मोठी साथ उसळली.

मग रोग्यानें काय करावें ? प्रथम, वाद न घालतां "यास आधार कोणता ?" एवढेंच विचारावें. मग दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत घ्यावें. आपले कागद मागावे. २००२ च्या नियमांप्रमाणें ते ७२ तासांत द्यावे लागतात. इतरांसही धोका दिसल्यास राज्याच्या वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करावी.

मीं डॉक्टरांना आधार विचारला. त्यांनीं मोबाइलवर आलेला एक निनांवी संदेश दाखविला. दुसऱ्याच दिवशीं सरकारी आरोग्यकेंद्रांत बाळाला विनामूल्य लस टोंचली. तक्रार लिहितांना मात्र जुने उपकार आठवून माझा हात थबकला, हें कबूल करतों. पण त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर दुसऱ्यांचींही तान्हीं मुलें बसलेलीं मीं पाहिलीं होतीं. अर्ज मीं टपालांत टाकला. उपकारांची फेड मौनानें करणें हा धर्म नव्हे.