होळीच्या गावी दोघंच

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा, कधी माझ्या महिला मंडळाची शिबिरं. धाकटा शिकायला पुण्याला गेला आणि घर एकदम सुनं झालं. जेवताना बोलायचं काय, असा प्रश्न पडायला लागला. एक दिवस हेच म्हणाले, ''चल, काठीची होळी बघून येऊ.'' मैत्रिणी लंडन-सिंगापूरला जातात आणि आम्ही काठीला! मला हसूच आलं. पण निघालो.

नंदुरबारहून अक्कलकुवा आणि मग मोलगीच्या बाजूला सातपुड्याचा घाट. दोन्हीकडे पळस फुललेला. काठी हे खानदेशातल्या जुन्या सहा मेवासी संस्थानांपैकी एक. म्हणून इथल्या होळीला 'राजवाडी होळी' म्हणतात. ही परंपरा १२४६ सालापासूनची, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

रात्र चढत गेली तशी डोंगरवाटांनी माणसं उतरू लागली. ढोलांचा आवाज छातीत घुमत होता. बुध्या आणि बावा झालेली तरुण मुलं रात्रभर नाचत होती. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर राखेची नक्षी. मधोमध होळीचा उंचच उंच बांबू. त्याचा खड्डासुद्धा हातांनीच खणतात म्हणे.

मी उत्साहाच्या भरात एका बुध्याजवळ गेले आणि त्याच्या टोपाला हात लावायला निघाले. फोटो हवा होता ना! तेवढ्यात एका म्हाताऱ्या आजीने माझं मनगट धरलं. ''बाई, हात नको लावू. त्याची पाळणी हाय.''

मी ओशाळले. मग आजीनेच शेजारी बसवून समजावलं. नवस असलेली माणसं काही दिवस कडक पथ्य पाळतात. खाटेवर बसत नाहीत, चप्पल घालत नाहीत, बाईचा स्पर्श टाळतात. म्हणजे मला जी गंमत वाटत होती, ते त्या मुलाचं व्रत होतं. गावोगाव बायकांना चार गोष्टी सांगत फिरणारी मी, इथे मात्र साधं विचारायचंही विसरले होते. देवळात जाताना चप्पल काढायची हे कळतं, मग इथे का कळू नये?

कॅमेरा पिशवीत टाकला. ''अगं, एक तरी फोटो काढ,'' हे म्हणाले. म्हटलं, ''अहो, राहू द्या. नुसतं बघू.'' आणि खरंच, आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून रात्रभर नुसते बघत बसलो. थंडी वाजली तशी यांनी आपली शाल अर्धी माझ्या खांद्यावर टाकली. बावीस वर्षांत इतका वेळ शेजारी बसल्याचं मला तरी आठवत नाही.

पहाटे होळी पेटली. लोकांनी डाळ्या-गुळाचा नैवेद्य दाखवला, हात जोडले. आजीने आमच्याही हातावर डाळ्या ठेवल्या.

परतताना गाडीत आम्ही नंदुरबारपर्यंत बोलत होतो. मैत्रिणींनो, काठीला जरूर जा. फक्त पाहुण्यासारखं जा. आधी विचारा, मग हात पुढे करा. आणि बरोबर 'हे' असतील, तर शाल एकच न्या!