दोन चाकं, चार चाकं

मोटारसायकल आणि मोटार, दोन्ही शर्यतींत जगज्जेता ठरलेला माणूस आजवर एकच : इंग्लंडचा जॉन सर्टीज. १९५६ ते १९६० या काळात इटलीच्या 'एमव्ही अगुस्ता'वर त्याने सात विश्वविजेतेपदं मिळवली. इटालियन लोक त्याला वाऱ्याचा पुत्र म्हणत. आपल्याकडे हा मान मारुतीचा!

हे इतकं अवघड का? मोटारसायकल वळताना स्वाराचं अंगही कलतं. निम्मा तोल त्याच्या शरीरात असतो. मोटारीत अंग कलवून काही साधत नाही. टायरची पकड कधी सुटणार, हे बसल्या जागी ओळखावं लागतं. सर्टीज १९६० मध्ये, आपल्या दुसऱ्याच फॉर्म्युला वन शर्यतीत दुसरा आला. १९६४ ची अखेरची शर्यत मेक्सिकोत होती. फेरारीचाच सहकारी बांदिनी याने शेवटच्या फेरीत त्याला वाट दिली. सर्टीज ४०, ग्रॅहम हिल ३९. एका गुणाने विजेतेपद!

२००९ मध्ये ब्रँड्स हॅचला दुसऱ्या मोटारीचं निखळलेलं चाक डोक्यावर आदळून त्याचा अठरा वर्षांचा मुलगा हेन्री गेला. मुलाच्या नावाने बापाने संस्था काढली, अपघातात मेंदूला इजा झालेल्यांसाठी. मार्च २०१७ मध्ये सर्टीजही गेला. चालकाच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं झालं ते २०१८ मध्ये.