सुरतेचे वार्तापत्र : एक चिठ्ठी आणि एक पत्र

सुरत : लिंबायत-उधना भागात कानावर अहिराणी पडत राहते, त्यामुळे इथं परप्रांतात आल्यासारखं वाटत नाही. १९०७ साली तर हा परप्रांत नव्हताच. पुणे आणि सुरत, दोन्ही मुंबई इलाख्यात. गोम तिथंच होती. ज्या प्रांतात काँग्रेस भरते तिथला माणूस अध्यक्ष करायचा नाही, असा रिवाज. मवाळांनी नागपूरचं अधिवेशन सुरतेला हलवलं आणि पुण्याच्या टिळकांचं नाव आपोआप बाद झालं.

सुरत काँग्रेस म्हटलं की सगळ्यांना जोडा आठवतो. २७ डिसेंबरला भर मंडपातून आलेला तो लाल दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथांना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. मला त्याआधीची चिठ्ठी जास्त महत्त्वाची वाटते. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधल्या मंडपात अध्यक्षांची मिरवणूक शिरत असताना एका स्वयंसेवकानं ती स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्या हातात दिली. अध्यक्षनिवडीच्या ठरावाला अनुमोदन मिळालं की मला तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझं नाव पुकारा, एवढाच टिळकांचा मजकूर. नाव काही पुकारलं गेलं नाही. रासबिहारी घोष निवडून आल्याचं जाहीर झालं, तेव्हा टिळक सरळ व्यासपीठावर चढले. माळवींनी त्यांना नियमबाह्य ठरवलं. मग खुर्च्या, काठ्या, पोलीस. नियमाचा कीस काढणाऱ्यांनी दोन मिनिटं बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

सात वर्षांनी असाच आणखी एक कागद. १९१४च्या डिसेंबरात ॲनी बेझंट आणि सुब्बाराव पंतुलू सुरतेत फुटलेल्या काँग्रेसच्या दोन गटांत समेट घडवायला पुण्यात आले. मवाळांचे गोखले आधी अनुकूल होते, मग त्यांनी मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसूंना खासगी पत्र लिहिलं : टिळक बदललेले नाहीत, आत येऊन ते सरकारची अडवणूक करण्याचाच मार्ग धरतील. पत्र खासगी, पण त्यातली कुजबुज मद्रासभर. टिळक सरकारवर बहिष्कार घालायला निघालेत, इथवर गोष्ट गेली. टिळकांनी तारेनं इन्कार केला आणि पत्र छापा म्हणून धोशा लावला. गोखले म्हणाले, खासगी आहे. माझ्या मते इथं टिळकांची बाजू खरी होती. ज्या पत्रावर माणसाची पारख होते, ते त्याला दिसायला नको?

१९ फेब्रुवारी १९१५ला गोखले गेले. टिळक सिंहगडावरून उतरून अंत्यविधीला आले, स्मशानात बोलले, ‘केसरी’त मृत्युलेखही लिहिला. नोव्हेंबरात मेहता गेले, डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनानं काँग्रेसची घटना बदलून टिळकांच्या गटाला दार उघडलं आणि १९१६ला टिळक आपली माणसं घेऊन लखनौ काँग्रेसला गेले.