एका ‘नाही’ची किंमत

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांची हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात पेढे वाटून झाले होते. धाकटा मुलगा संगणक अभियंता. लेस्टरमधील एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती आणि ब्रिटनच्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी लागणारे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्रही दिले होते. लेस्टरला १९८८ साली प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आहे, एवढ्यानेच आईची निम्मी काळजी मिटली होती. आणि मग नकाराचे पत्र आले.

कारण एकाच उत्तराचे होते. आजवर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले गेले होते. वस्तुतः काही वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नासाठी मागितलेला अमेरिकेचा पर्यटक व्हिसा त्याला मिळाला नव्हता. अर्ज भरणारा एजंट नात्यातला, म्हणून भरलेला अर्ज कोणी वाचलाच नाही. एजंटाने विचारले नाही, मुलाने सांगितले नाही. पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत कीर्द मिटू न देणाऱ्या पेढीवर हे घडले, हे विशेष.

असा नकार लपून राहील, ही समजूत जुन्या काळातली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांच्या ठशांच्या आधारे व्हिसाविषयक माहितीची परस्पर पडताळणी करतात. पासपोर्ट नवा काढता येतो, नावाचे स्पेलिंग बदलता येते. बोटे तीच राहतात.

घरात त्या रात्री दोन मते पडली. थोरल्या भावाचे म्हणणे, दुसऱ्या दिवशीच नव्याने अर्ज करावा. दुसऱ्या एका सल्लागाराने तर सुचवले की, अमेरिकेचा विषय पुन्हा काढूच नये, ‘कागद अपुरे होते’ एवढेच लिहावे. वडिलांना हे पटण्यासारखे वाटले, कारण नोकरी हातची जाण्याची भीती खरी होती. मुलगा मात्र पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसला, आणि तेच उपयोगी पडले.

कारण सगळे त्या पत्राच्या शब्दांवर अवलंबून असते. ब्रिटनच्या नियमांत चुकीची माहिती आणि फसवणूक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. माहिती चुकीची असेल तर अर्जदाराला ते ठाऊक नसले तरीही अर्ज नाकारता येतो. तेथे अधिकाऱ्याला तारतम्य आहे. पण अर्जदाराने जाणूनबुजून फसवले असे अधिकाऱ्याला सिद्ध करता आले, तर अर्ज नाकारावाच लागतो, आणि पुढची १० वर्षे त्या देशाचे दार बहुतेक बंद होते. २०१० साली तेथील अपील न्यायालयाने ‘एए (नायजेरिया)’ या खटल्यात स्पष्ट केले की, सक्तीने नकार देण्यासाठी ‘खोटे’ या शब्दात अप्रामाणिकपणा अभिप्रेत आहे, नुसती चूक नव्हे. मात्र तो अप्रामाणिकपणा अर्जदाराचाच असला पाहिजे असेही नाही, हेही त्याच न्यायालयाने म्हटले. एजंटाने समजून उमजून खोटे लिहिले तर ते अर्जदाराला भोवू शकते. नात्यातला एजंट येथे कामाला येत नाही.

पत्रात फसवणुकीचा ठपका असेल आणि तो अन्यायाचा असेल, तर प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यास त्यासाठी निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची मुदत असते. घाईने नवा अर्ज केला की चालू असलेली फेरतपासणी मागे घेतली असे धरले जाते, आणि नव्या अर्जानंतर जुन्या निर्णयाची फेरतपासणी मागताच येत नाही. म्हणजे थोरल्या भावाची घाई एखाद्या दुसऱ्या घराला १० वर्षांना पडली असती.

सांगलीच्या पत्रात तो ठपका नव्हता. उत्तर चुकीचे होते हेही निर्विवाद, तेव्हा फेरतपासणीत काही हाती लागणार नव्हते. नवा अर्जच करायचा होता. आरोग्य अधिभाराची रक्कम परत मिळाली, व्हिसाचे शुल्क बुडाले. नाकारलेल्या अर्जात वापरलेले प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र पुन्हा चालत नाही, म्हणून कंपनीला सर्व काही कळवून नवे मागावे लागले. तो फोन करणे मुलाला सर्वांत जड गेले. कंपनीने एक आठवडा विचार केला आणि होकार दिला.

नव्या अर्जात त्याच प्रश्नापुढे ‘होय’ आले, आणि आता नकार दोन झाले होते, अमेरिकेचा आणि ब्रिटनचा. दोन्हींच्या तारखा व कारणे लिहिली. सोबतच्या पत्रात चूक कोणाची, कशी झाली, हे आठ-दहा ओळींत सांगितले. रडगाणे नाही, एजंटावर आगपाखड नाही. एजंटाने पाठवलेली प्रश्नावली जोडली. त्यात हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या नकाराचा जपून ठेवलेला कागद जोडला. नोकऱ्यांच्या तारखा, जुना पासपोर्ट, ब्रिटनमध्ये राहणारे नातेवाईक, एवढेच काय वाहतूक दंडाच्या पावत्याही पुन्हा ताडून पाहिल्या, कारण दुसऱ्या अर्जात नवी विसंगती निघाली तर पहिल्या चुकीवरचाही विश्वास उडतो.

वडील त्या रात्री पेढीवर त्याच्या शेजारी बसले होते. चुकलेली नोंद खाडाखोड करून झाकायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची, हे त्यांनीच दिवाणजींकडून शिकून मुलांना शिकवले होते. त्यांनी प्रत्येक पान मोठ्याने वाचून घेतले. मगच मुलाने बटण दाबले.

साधारण तीन आठवड्यांनी व्हिसा मिळाला. दरम्यान धाकट्या मुलीचा कॅनडाच्या विद्यापीठासाठीचा अर्ज त्याच नातेवाइकाकडे भरून तयार होता. वडिलांनी तो छापून मागवला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला.