थोर हुशोव्ह: उत्तर आणि मौन

आपल्या यशावर कोणी संशयाचा शिंतोडा उडविला तर त्याला उत्तर कसे द्यावे? कोणी शब्दाला शब्द देतो, कोणी पंचांकडे धाव घेतो, कोणी गप्प बसून काळावर हवाला ठेवतो. नॉर्वेचा सायकलपटू थोर हुशोव्ह ह्याने २००९ सालच्या जुलै महिन्यात दिलेले उत्तर ह्यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. म्हणूनच तो प्रसंग आम्हांस सविस्तर सांगण्याजोगा वाटतो.

‘टूर दि फ्रान्स’ ही सायकलशर्यत तीन आठवडे चालते. एकवीस टप्प्यांत मिळून तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. सर्वांत कमी एकूण वेळ घेणाऱ्यास पिवळी जर्सी मिळते, हे अनेकांस ठाऊक असते. परंतु प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस आणि वाटेतल्या ठरावीक ठिकाणी जे पुढे असतात त्यांना गुण मिळतात, आणि ह्या गुणांत जो अग्रेसर त्याला हिरवी जर्सी दिली जाते. शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत मुसंडी मारणाऱ्या वेगवान सायकलपटूंचा हा मान. त्या वर्षी मार्क कॅव्हेंडिश हा तरुण ब्रिटिश सायकलपटू इतका वेगवान होता की त्याने सहा टप्पे जिंकले. हुशोव्हने एकच, बार्सेलोनाचा. पण १८ जुलै रोजी बेझांसाँच्या अंतिम रेषेजवळ कॅव्हेंडिशने हुशोव्हला कठड्याच्या बाजूस दाबले, असा निर्णय पंचांनी दिला व त्या टप्प्यावरील त्याचे गुण काढून घेतले. कॅव्हेंडिश चिडला. ती हिरवी जर्सी हुशोव्हला मिळाली तरी तिच्यावर डाग राहील, असे तो बोलून गेला.

चार दिवसांनी, २२ जुलै रोजी, शर्यत आल्प्स पर्वतात होती. बूर-सँ-मोरिसहून ल ग्राँ-बोर्नाँकडे जाणाऱ्या त्या टप्प्यात एकामागून एक घाट होते. मुसंडीवाल्या सायकलपटूने अशा दिवशी मागच्या घोळक्यात राहून कसेबसे मुदतीत पोहोचावे, अशीच रीत. हुशोव्हचे वजन ऐंशी किलोंच्या वर; घाटात पटाईत असलेले सायकलपटू साठ किलोंच्या आसपास असतात. सपाट रस्त्यावर जे वजन बळ देते तेच चढावर पाठीवरच्या पोत्यासारखे होते. असे असूनही हा गडी पुढच्या टोळीत शिरला, तिलाही मागे टाकून एकटाच निघाला, आणि वाटेतल्या दोन्ही ठिकाणी सर्वप्रथम पोहोचून त्याने बारा गुण मिळविले. पुढे डोंगरी सायकलपटूंनी त्याला गाठले, ओलांडले. टप्पा दुसऱ्यानेच जिंकला. त्याची पर्वा कोणाला होती? पॅरिसला शर्यत संपली तेव्हा हुशोव्हचे २८० आणि कॅव्हेंडिशचे २७० गुण झाले होते. बेझांसाँचा निर्णय नसता तर निकाल फिरला असता, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या दिवशीचे बारा गुण नसते तरीही तो फिरलाच असता. डागाचा विषय तेथेच संपला. स्वतः कॅव्हेंडिशनेही त्या दिवशीच्या पराक्रमाची प्रशंसा केली.

‘थोर’ हा शब्द मराठी वाचकास विशेषणासारखा वाटेल. नॉर्वेत ते मेघगर्जनेच्या हातोडाधारी देवाचे नाव आहे, आपल्या वज्रधारी इंद्राचा जणू उत्तरेकडचा भाऊबंद. हुशोव्हचा जन्म १८ जानेवारी १९७८ चा, दक्षिण नॉर्वेतील ग्रिमस्टाड ह्या समुद्रकाठच्या गावचा. नाट्यप्रेमी वाचकांस हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल: १८४४ साली कोवळ्या वयाचा हेन्रिक इब्सेन येथेच औषधाच्या दुकानात उमेदवारी करावयास आला होता. पिरिनीज पर्वतातील लुझ-आर्दिदाँ येथे १९८७ साली टप्पा जिंकणारा डाग ऑटो लॉरिट्सेन, ‘टूर’चा टप्पा जिंकणारा पहिला नॉर्वेजियन, तोही ह्याच गावचा. बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाने ज्या देशाला वेड लावले आहे, तेथे सायकलीच्या नादास लागणाऱ्या मुलापुढे निदान एक उदाहरण तरी होते.

हुशोव्ह १९९८ साली तेवीस वर्षांखालील गटात घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा जगज्जेता झाला, आणि २००० साली एका फ्रेंच संघातून व्यावसायिक बनला. २००४ साली पिवळी जर्सी अंगावर घालणारा तो पहिला नॉर्वेजियन ठरला. २००५ साली त्याने प्रथमच हिरवी जर्सी जिंकली, तीही एकही टप्पा न जिंकता. २००६ सालची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. स्ट्रासबर्ग येथील सलामीची शर्यत जिंकून त्याने पिवळी जर्सी मिळविली. दुसऱ्याच दिवशी अंतिम रेषेजवळ कोणा प्रेक्षकाच्या हातातील जाहिरातीच्या पुठ्ठ्याच्या पंजाने त्याचा दंड कापला आणि रक्ताची धार लागली. त्याच्या पुढच्या दिवशी, जखमेला टाके पडलेले असताना, हातची गेलेली पिवळी जर्सी त्याने परत मिळविली. त्या वर्षी पॅरिसमधला अखेरचा टप्पाही त्याचाच.

मे २०१० मध्ये सरावाच्या वेळी मोटारीशी टक्कर होऊन त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. जुलैत त्याने फ्रान्सच्या उत्तरेकडील दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरचा टप्पा जिंकला, आणि ३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे तो जगज्जेता झाला. हा मान मिळविणारा तो पहिलाच नॉर्वेजियन पुरुष. पुढच्या ‘टूर’मध्ये त्याने सात दिवस पिवळी जर्सी सांभाळली, आणि नंतर ओबिस्क हा १,७०९ मीटर उंचीचा घाट चढून, उतारावर मागील अंतर भरून काढून, लूर्द ह्या तीर्थक्षेत्री टप्पा जिंकला. त्या शर्यतीत नॉर्वेचे दोघेच सायकलपटू होते. हुशोव्ह आणि एडवाल्ड बोआसोन हागेन ह्यांनी मिळून चार टप्पे जिंकले. शर्यत पॅरिसला पोहोचण्यास दोन दिवस असताना ओस्लो आणि उटोया येथे ७७ माणसांची हत्या झाली, आणि त्या विजयांचा आनंद नॉर्वेला राहिला नाही.

येथवर प्रशंसाच प्रशंसा झाली. परंतु हुशोव्हच्या मौनाची दुसरी बाजू न सांगणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. २०१४ साली तो निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातून असे उघड झाले की, आपण उत्तेजक द्रव्ये घेत होतो, हे लान्स आर्मस्ट्राँगने २०११ सालीच त्याच्यापाशी कबूल केले होते. आर्मस्ट्राँगची जाहीर कबुली २०१३ च्या जानेवारीतली. मधल्या काळात हुशोव्ह बोलला नाही. खासगीत कळलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, हा सभ्यपणाचा संकेत आम्हांसही मान्य आहे. पण ज्या फसवणुकीने प्रामाणिक सायकलपटूंच्या तोंडचा घास वर्षानुवर्षे हिरावला, तिच्या बाबतीत तो संकेत लागू व्हावा काय? डाग लागल्याचा नुसता शब्द ऐकून जो माणूस आल्प्सचे घाट चढून गेला, त्याने खरा डाग दिसत असताना गप्प राहावे, हे आम्हांस पटत नाही. दहा टप्पे आणि दोन हिरव्या जर्सी त्याने रस्त्यावरच मिळविल्या. ह्या एका प्रश्नाचे उत्तर मात्र रस्त्यावर देता येण्यासारखे नव्हते, ते तोंडानेच द्यावयास हवे होते.

पुढे पेट्रोलपंप चालविणाऱ्या ‘युनो-एक्स’ कंपनीच्या नॉर्वेजियन-डॅनिश संघाचे व्यवस्थापन त्याच्याकडे आले. तरुण सायकलपटूंशी खेळातील खऱ्याखोट्याविषयी बोलणे हा आता त्याच्या कामाचाच भाग झाला. १६ जुलै २०२५ रोजी तुलूज येथे ह्या संघाला ‘टूर’मधील पहिला टप्पा मिळाला. जिंकणारा योनास अब्राहामसेन हा नॉर्वेचाच; चार आठवड्यांपूर्वी त्याचेही गळ्याजवळचे हाड मोडले होते.