कॅन्सरच्या मूळपेशी आणि चिनी काढा : पुरावा कुठपर्यंत पोहोचला आहे?

रुग्णासोबत दवाखान्याच्या चकरा मारणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर अधूनमधून एक मेसेज येतो. चिनी वनस्पती पोटाच्या कॅन्सरच्या मुळावरच घाव घालतात, केमोची गरज नाही. यातला पहिला अर्धा भाग अगदीच हवेतला नाही. दुसरा मात्र जीवघेणा आहे. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांच्यापासून नव्या पेशी तयार होऊन वर सरकतात. कॅन्सरच्या गाठीतही अशा थोड्या पेशी असतात. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात त्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये दाखवल्या. २००७ मध्ये त्यांच्या आणि इटलीतल्या एका गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही दाखवल्या. गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या करून उंदरांत टोचल्या, तेव्हा बहुतेकांपासून काहीच उगवले नाही. मोजक्या पेशींपासून मात्र पुन्हा गाठ उभी राहिली.

केमो मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. मूळपेशींपैकी काही सुस्त पडून राहतात, काही औषध बाहेर फेकतात. वावरातली हरळी वरवर कापली, काशा जमिनीतच राहिल्या, असा हा प्रकार. गाठ आटते आणि काही काळाने परत येते, त्याचे हे एक कारण मानले जाते.

मग फक्त काशाच उपटल्या तर? २०१७ मध्ये उंदरांवर हेही करून पाहिले गेले. मूळपेशी मारल्या, तर गाठीतल्या साध्या पेशींनीच त्यांची जागा घेतली! ‘मुळावर घाव’ वाटतो तितका सोपा नाही, तो इथे.

आता चिनी औषधांकडे. हुआंगल्यान नावाच्या कडू मुळात बर्बेरिन हे पिवळे द्रव्य असते. आपल्या दारुहळदीतही तेच आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बर्बेरिन कॅन्सरच्या मूळपेशींना वाढीचा इशारा देणारी यंत्रणा मंदावते. पण बशीत पेशी मारणे फार अवघड नसते, ते ब्लीचनेही होते. माणसांत काय झाले? चीनमधल्या सात दवाखान्यांत आतड्यातले मोड काढलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला दिवसातून दोनदा ०.३ ग्रॅम बर्बेरिन दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. २०२० मध्ये निष्कर्ष आला : दोन वर्षांत बर्बेरिन गटातल्या ३६ टक्के लोकांना मोड परत आले, दुसऱ्या गटात ४७ टक्के. फायदा खरा आहे, पण मोड म्हणजे कॅन्सर नव्हे. मोडाचा पुढे कधीतरी कॅन्सर होऊ शकतो, एवढेच.

दुसरे उदाहरण आम्हाला अधिक बोलके वाटते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांनी सुमारे १८०० वर्षे जुना चार वनस्पतींचा चिनी काढा प्रमाणित रूपात तपासला. त्यात ज्येष्ठमध आणि बोरही आहे. केमोमुळे उंदरांच्या आतड्याची चाळण झाली होती. काढ्याने तिथल्या निरोगी मूळपेशींना पुन्हा उभे केले आणि केमोचा गाठीवरचा परिणामही कमी झाला नाही. म्हणजे इथे काढा केमोच्या जागी आला नाही, तो केमो सोसवावी म्हणून आला.

चिनी परंपरेतून खरे औषध निघतच नाही असे नाही. हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात सोमलापासूनचे आर्सेनिक एका विशिष्ट रक्तकॅन्सरवर वापरले, आणि आज जगभर ते प्रमाणित उपचारांत आहे. ते तिथे पोहोचले ते मात्रा ठरवून, रुग्ण मोजून. उलट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती चुकून गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ असे विचारणाऱ्यांना हे जरूर सांगावे.

आजवर कोणत्याही वनस्पतीने माणसाच्या जठरातला वा आतड्यातला कॅन्सर मूळपेशी मारून बरा केल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही घरोघरी काढे चालतात, आणि डॉक्टर रागावतील म्हणून लपवले जातात. इथे खरी गडबड होते. बर्बेरिनसारखी द्रव्ये यकृतातली औषधे मोडण्याची यंत्रणा अडवतात, त्यामुळे केमोचे औषध रक्तात जास्त साचू शकते. तेव्हा रुग्णाला ओपीडीत नेताना ती पुडी किंवा बाटली सोबत घ्या आणि तिचे नाव केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.